जोह्याच्या वळणावरचा बाण

२ जाने., गुरुवार
माघी गणपतीच्या मूर्ती अंगावर आल्यात. शाडूच्या निम्म्या अजून ओल्या. आणि आमच्या सूनबाई पहाटे बांधावरून पळून येऊन माझ्या आधी कारखान्यात हजर. पेणच्या मॅरेथॉनला नाव देऊन आली म्हणे, १२ तारखेला. पाच नाही, दहा नाही, थेट एकवीस कि.मी. गागोद्याकडची पोर, डोंगर उतरून शाळेत जायची, तिला काय.
नीलेशला आज सांगितलं. चिरंजीव शिफ्ट करून आलेले, डोळे तांबडे. म्हणाला, "ह्या टायमाला पळ. पयला नंबर आला तर पुढचं बघू. नाय आला तर बूट माळ्यावर." मी मध्ये पडले. लग्नाआधी तू रविवार-रविवार क्रिकेटला जायचास, तेव्हा तुझी बॅट कुणी माळ्यावर टाकली नव्हती, म्हटलं. तो झोपायला निघून गेला. सारिका गप्प. ही बोलत नाही, हाच तिचा दोष.

७ जाने., मंगळ.
मॅरेथॉनवाले सर कारखान्यात आले. या वर्षी एकवीसची वाट पेणहून आमच्या जोह्यापर्यंत आणि परत. ज्या त्या गावाने आपले बाण रंगवायचे. मालक नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं, हिच्याइतका सरळ हात कुणाचा नाही म्हणून. चढले मी हरभऱ्याच्या झाडावर.
शाळेपाशी डावीकडे वळायचं, कारखान्यांच्या गल्लीतून तळ्याला वळसा, मग परत पेणचा रस्ता. शाळेपाशी वळलं नाही तर सरळ शेतात. म्हणजे मोठा बाण तिथेच. सरांनी ऑइलपेंटचा डबा दिला. बायकांत जी पहिली येईल तिला पनवेलचे कोच वर्षभर शिकवणार, एकीलाच. हे सा.ने ऐकलं. हातातला ब्रश तसाच धरून उभी राहिली.

११ जाने., शनि.
बाण झाला. ऑइलपेंटचा डबा उघडला तर वासाने डोकं उठलं, वर ब्रश धुवायला टर्पेंटाइन नाही. त्यात बुडवलेला ब्रश पुन्हा मूर्तीला लागत नाही, आणि माघी तोंडावर. म्हणून आपली पांढरी घेतली, पाण्यात कालवलेली, शाडूच्या मूर्तीला पहिला हात देतो तीच. कडेने हळदीची रेघ. बाण असा उठला की नानांनी फोटो काढला.
उद्या पाहुणे येणार म्हणून गावच्या मंडळींनी टँकर सांगितलाय. रस्त्यावर पाणी मारणार, धूळ बसेल. बरं झालं.
सा.ला लवकर झोप म्हटलं. मलाच झोप नाही.

१२ जाने., रवि.
सा. पहिली. पहिली!!
क्रमाने लिहिते. मी तळ्यापाशी पाण्याच्या टेबलावर. आधी पुरुष गेले. टँकर सकाळी यायचा तो उशिरा, पुरुष गेल्यावर आला. बायका त्यांच्यानंतर सोडलेल्या. पेणहून फोन येत होते की पुढे निळ्या बनियनची रोह्याची मुलगी आहे, सा. दुसरी. आणि गल्लीतून बघते तर आमची सा. एकटी. पुढे कुणी नाही. मी ग्लास पुढे केला तर तिने घेतला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. निळी मुलगी बऱ्याच वेळाने शेताच्या बाजूने आली, रडत पळत होती. मला कळेना हे काय झालं. वळणावर उभं राहणारा माणूस ग्लास कमी पडले म्हणून आमच्याकडेच आला होता. तो मग धावत परत गेला, मागच्या सगळ्या नीट वळल्या.
नीलेश पेणला शेवटच्या रेषेपाशी उभा होता. लेकाचा रडला म्हणे. आल्यावर मला म्हणाला, "आये, माझी बायको पयली आली." जणू मला ठाऊकच नव्हतं.
सा. जेवली नाही. दमली असेल.

१३ जाने., सोम.
कारखान्यात जाताना शाळेपाशी थांबले. बाण नाही. रस्त्याच्या कडेला गटाराकडे पांढरा ओघळ सुकलेला, त्यात थोडं पिवळं.
विसर्जनात विरघळावा म्हणूनच करतो आम्ही तो रंग. वीस वर्षं माझे हात त्यात आहेत. मला कळलं कसं नाही?

१४ जाने., मंगळ. संक्रांत
हळदीकुंकवाला सगळ्या सा.भोवती. शेजारची कुंदा वाण देता देता हसत म्हणाली, "काकी, तुमचा बाण बरा गो सुनेच्याच टायमाला पुसला." चेष्टेतच म्हणाली. सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन शनिवारचं पान काढून बघितलं. टँकर येणार हे मला ठाऊक होतं. माझ्याच अक्षरात आहे, खाली "बरं झालं" असंही.
आता मला कळत नाही. ब्रश वाचावा म्हणून पांढरी घेतली हे खरं. सा. जिंकावी असं वाटत होतं हेही खरं. दोन्हींच्या मध्ये काही होतं का? असेल तर ते मी कधी ठरवलं? आठवून आठवून डोकं शिणलं. जे आठवत नाही ते केलेलं असतं का...

१५ जाने., बुध.
सरांना फोन केला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, तक्रार कुणाची आली नाही, निकाल लागला, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. वर बाणाचं कौतुक केलं. नानांच्या फोटोत पाहिला म्हणे.

१६ जाने., गुरु.
दुपारी मूर्ती उन्हात ठेवताना सा.ला सांगितलं. रंग माझा होता, माझ्यामुळे पुसला. वाटलं रागावेल, की तुमच्यामुळे माझ्या नंबराला बट्टा. ती मूर्ती फिरवत राहिली. मग म्हणाली, "आई, ती पन्नास पावलं पुढं होती. सरळ चालली ते मी बघितलं. मी हाक मारली नाय."
मी म्हटलं, दम लागला असेल, आवाज फुटला नसेल.
"दम व्हता," म्हणाली.
मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. माझा मात्र आला. आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं, की मी एकटी नाही. असं वाटलं याची लाज वाटते.

१७ जाने., शुक्र.
नीलेशला सांगितलं. तो म्हणाला, चूक टँकरची, तुम्ही दोघी का अंगावर ओढून घेताय. कंपनीत सगळ्यांना पेढे वाटलेत त्याने. आज तिच्यासाठी नवे बूट घेऊन आला, स्वतः जाऊन, मापासकट. ज्या माणसाने माळा दाखवला होता तोच खाली बसून नाडी ओवत होता. सा. बघत राहिली. सोमवारी पनवेलला पहिला दिवस. त्या मुलीला भेटल्याशिवाय जाणार नाही म्हणते.
नको म्हणावं की हो म्हणावं? हो म्हटलं.

१९ जाने., रवि.
रोह्याला जाऊन आलो, गाडीने. सरांनी यादीत बघून पत्ता दिला होता. मुलीचं नाव दीपाली, कॉलेजात आहे. पुढे ओटा, आत शिलाई मशीन. तिची आई बटणांची काजं करत होती. कोण, कुठल्या, विचारलं. जोहे म्हटल्यावर आईच आधी बोलली की आमच्या पोरीनं तुमच्या गावात घोळ घातला, हिचं लक्षच नसतं, म्हणून आता पळणं बंद केलंय तिचं. दीपाली मान खाली घालून उभी. तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं, की बाण असणार, आपल्यालाच दिसला नाही.
मी सांगितलं. बाण नव्हता, रंग माझा, पाण्यात गेला. आई काजं सोडून माझ्याकडे बघत राहिली. मग सा. म्हणाली की मी मागे होते, मी बघितलं, हाक मारली नाही. एका दमात सगळं म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून इतकं एकदम बोलताना मी तिला ऐकलं नव्हतं.
दीपाली रागावली नाही. विचार करत होती. मग म्हणाली, "ताई, मागं तुमची पावलं वाजत व्हती. म्हणून मला वाटलं, रस्ता बरोबर हाय. मंग आवाज बंद झाला. मला वाटलं तुम्ही दमलात."
मशीनवर अर्धा ब्लाऊज तसाच. आईने चहा टाकला, आम्ही घेतला. निघताना मी म्हटलं, हिचं पळणं बंद करू नका हो. आई म्हणाली, बघू. नीलेशसारखंच म्हणाली.
गाडीला वेळ होता. फलाटावर बाकावर बसलो. सा.ने विचारलं, "आई, उद्या मी पनवेलला जाऊ का नको?"
जा म्हणावं तर ती मुलगी डोळ्यांसमोर, नको म्हणावं तर बूट आणि नीलेश. इतके दिवस मी हिच्या बाजूने आहे असं समजून चालले होते. आज हिची बाजू कुठली तेच मला सांगता येईना. म्हटलं, पेण येईपर्यंत सांगते.
पेण आलं. आम्ही उतरलो, जोह्याची एस.टी. पकडली. तिने पुन्हा विचारलं नाही. मीही अजून सांगितलेलं नाही.