किशाचं तोंड कोणी पाहिलं?

१९ जून १९९४
गावाहून सुरतेला परत. एसटीत नाना शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "माझा मुलगा गेला. मिलिटरीत होता. आफ्रिकेत." तो माणूस हात जोडून उठला, नानांना खिडकीची जागा दिली. नाना बसले. माय माझ्या बाजूला.

किशा, माझा धाकटा भाऊ. बारावीनंतर भरती झाला. सोमालियाला पाठवलं तेव्हा नकाशात बोट ठेवून मायला दाखवलं होतं. माय म्हणाली, मधात एवढं पाणी?

पेटी थेट गावी गेली. बरोबर आलेले साहेब भले होते, हळू आवाजात म्हणाले, लांबचा प्रवास, त्यात ऊन. उघडू नका. लेकाचं तोंड दाखवा म्हणून माय पेटीवर पडली. "मना आंडोरनं तोंड दखाडा माले." दोघी काकूंनी तिला ओढून काढलं. व्हिडिओवाला म्हणत होता, बाईंना जरा डावीकडे घ्या. पुढाऱ्यांनी काळे चष्मे लावूनच भाषणं केली. एकाने नाव चुकवलं. किशोरच्या जागी किरण म्हणाला. टाळ्या पडल्या.

मरणात टाळ्या.

३ जुलै
नाना रोज सकाळी फोटोला हार घालतात. ते लूमच्या कारखान्यात गेले की माय काढून ठेवते. संध्याकाळी नाना पुन्हा घालतात. भांडण नाही, शब्द नाही. मी दुपारी जाते तेव्हा फोटो मोकळा असतो. (आमची खोली दोन गल्ल्या सोडून. ह्यांना इच्छापोरच्या कारखान्यात दिवसपाळी, दुपार माझीच.)

आज मायला म्हटलं, असं किती दिवस करशील. म्हणाली, "तोंड कोन्ही दखं नही. मी कसं मानू?"

 

७ ऑगस्ट
तारेत एवढंच होतं: कर्तव्य बजावताना मृत्यू. बाकी सगळं नानांचं. जूनमध्ये म्हणायचे, कामावर असताना गेला. जुलैत, लढताना. आज किराणा दुकानात माझ्यासमोर सांगितलं, "तीन गोळ्या छातीवर घेतल्या. पाठ नाही दाखवली."

घरी आल्यावर विचारलं, कोणी सांगितलं तुम्हाला?
"तुला काय करायचंय? फौजी अजून कसा मरतो?"

आयुष्यभर लूमच्या शेठने नाव न घेता "ए भाऊ" म्हणून हाक मारली. आता तोच शेठ उभा राहून चहा देतो. नानांचा राग येतो. मग त्या चहाचा येतो.

२९ ऑगस्ट
मित्रमंडळाचे अध्यक्ष भास्करशेठ आले. आमच्या नाक्यावरच्या चौकाला किशाचं नाव देणार. संगमरवरी पाटी, बँड, पाहुणे. बोलता बोलता दोनदा म्हणाले की निवडणूक जवळ आहे म्हणून नाही हं. आम्ही कुठे विचारलं होतं?

जीवनपरिचय मी वाचायचा. "ताईंचं मराठी शुद्ध आहे." गोळ्यांचं नीट येऊ दे म्हणाले.

माय आत भाकरी थापत होती. ते गेल्यावर म्हणाली, तो येईल तवा नाव वाचीसनी हासी.

२५ सप्टेंबर
प्लेग. आमचं गोडादरा रिकामं होतंय. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही म्हणतात. लूम बंद, गल्लीत आवाजच नाही. इतकी वर्षं त्या खडखडाटाला शिव्या दिल्या, आता कान दुखतात.

नाना काल गावी गेले. किशा आला तर कुठे जाईल म्हणून मायने उंबरा धरला. "तो ऊना आनि दार बंद दिसनं ते कथा जाई?"
नाना ओरडले, "मेला तो! मेला! मी अग्नी दिला त्याला!"
"पेटीले दिधा."

नाना पिशवी उचलून निघाले. मागे वळले नाहीत.

हे म्हणाले, तुझी आई हटणार नाही, आपण थांबू. असा माणूस मिळाला, एवढंच एक बरं. तोंडाला फडकी बांधून राहतोय. मेडिकलवाला म्हणाला, "बेन, तमे केम नथी गया?" काय सांगू त्याला. भावाची वाट बघतोय?

२३ ऑक्टोबर
लोक परत येताहेत. नानाही आले. मायला काही झालं नाही, मलाही नाही. नाना म्हणाले, गावी समाधीचं बांधकाम सुरू झालं. माय म्हणाली, जेवा. महिन्यानंतर तिचा त्यांच्याशी पहिला शब्द.

चौकाचा कार्यक्रम लांबला, आता २६ जानेवारीला.

२० नोव्हेंबर
आज मोहिते आला. किशाच्याच तुकडीतला, साताऱ्याकडचा. सुट्टीवर आला होता, वाट वाकडी करून सुरतेला. काळा पडलेला, कॉलरचं बटण लावून ताठ बसला. वय किशाएवढंच.

नानांनी शेजारचे चार जण बोलावले, सांग म्हणाले, कशी लढाई झाली. मोहिते गोंधळला. "लढाई न्हाई काका. किशोर पाण्याचा टँकर चालवायचा. कॅम्पाला पाणी आणताना बांधावरचा रस्ता खचला. टँकर उलटला." शेजारी चुळबुळले. एकाला काम आठवलं, मग सगळ्यांनाच आठवलं.

नाना म्हणाले, "हे बाहेर बोलू नकोस." हात धरून म्हणाले. त्याचा नव्हे, माझा.

मग माय पुढे सरकली, मोहितेच्या अगदी समोर. "तू त्यानं तोंड दखं का?"
मोहिते थांबला. म्हणाला, "व्हय काकू. मी पाह्यलं. तोंडाला कायबी झालं नव्हतं. झोपल्यागत हुता."

माय रडली. जूनपासून पहिल्यांदा. आधी आवाजच नव्हता, मग असा आला की गल्लीतल्या बाया धावत आल्या. नाना दारात उभे. त्यांना तिच्या जवळ जाता येईना, आणि बाहेरही जाता येईना.

मी मोहितेला रिक्षापर्यंत सोडायला गेले. नाक्यावर मोहिते थांबला. "ताई, मी न्हवतो तिथं. दुसऱ्या कॅम्पात हुतो. आम्हाला दोन दिसांनी कळलं. मी न्हाई पाह्यला त्याला."
मी रिक्षाला हात केला.
"काय सांगायला पायजे हुतं, तुम्हीच सांगा."

त्याने पत्ता लिहून दिला आणि रिक्षात बसला. त्याच्यावर चिडावं की पाया पडावं.

२१ नोव्हेंबर
दुपारी मायकडे गेले तेव्हा फोटोला हार. मायनेच घातलेला, झेंडूचा. कपाळ नीट पुसलेलं फोटोचं. मला म्हणाली, झोपेल व्हता गं, झोपेल.

नानांच्या खोट्यावर किती तोंड वाजवलं मी. आता हे दुसरं, आणि ते माझ्याच तोंडात.

ह्यांनाही सांगितलं नाही.

१५ जानेवारी १९९५
गेल्या आठवड्यात भास्करशेठकडे जाऊन सांगितलं, गोळ्या नव्हत्या, टँकर उलटला. म्हणाले, "ताई, टँकर तर रोजच उलटतात. लोक काय टँकरसाठी चौकात येणार?" पाटीवर आधीच कोरलंय: शत्रूशी लढताना. कोणता शत्रू, ते नाही कोरलं.

तेव्हापासून, आठ दिवस झाले, नाना माझ्याशी बोलत नाहीत. मायला हे सगळं ठाऊक आहे. तिला गोळ्यांचंही काही नाही, टँकरचंही नाही. तिचं एकच.

२६ जानेवारी
झालं.

बँड होता. पाहुणे उशिरा. नाना शाल पांघरून बोलले, तीन गोळ्या बोलले, आवाज फुटला त्यांचा. खोटं बोलताना खरंखुरं रडले. मग माझं नाव पुकारलं.

हातात गोळ्यांवाला कागद होता, तो न बघता बोलले. किशोर याच गल्लीत वाढला, इथल्याच शाळेत शिकला. परदेशात तो पाण्याचा टँकर चालवायचा. पाणी आणताना गेला. बंदूक त्याच्याजवळ होती, पण त्या दिवशी तो पाणी आणत होता. एवढंच. खाली बसले. टाळ्या कुठून वाजवायच्या ते कुणाला कळेना, कोणी वाजवल्या नाहीत. किशासाठी पहिल्यांदा लोक नीट गप्प बसले.

भास्करशेठने माइक ओढून घोषणा दिली. नाना शाल तिथेच खुर्चीवर ठेवून निघून गेले.

२७ जानेवारी
नाना कामावर गेले. शेठने आज चहा दिला का, विचारायची हिंमत झाली नाही.

दुपारी मायकडे. बरी होती, केस विंचरत होती. म्हणाली, बरं बोलनी तू. मग फणी हातातच ठेवून:
"मोहितेना पत्ता शे ना तुनाकडे? त्याले पुस. किशाना डोया मिटेल व्हतात का उघडा?"

पुसते म्हटलं.

घरी येऊन अंतर्देशीय पत्र काढलंय. वर लिहिलं, प्रिय भाऊ मोहिते. पुढे अजून कोरं.