बांधापलीकडचा हरभरा

१४ नोव्हेंबर १९३८
भाजे गावी भिकाजीच्या खाचरात खत मोजून टाकलं. बांधाच्या अलीकडे माझी हिरवी बुरशी कालवलेलं शेणखत, पलीकडे नुसतं शेणखत. उद्या तो पांगवून हरभरा पेरील. दोन वर्षं मर रोगानं त्याचं पीक फुलावर येण्याआधीच वाळतं आहे. मर ही जमिनीतल्या एका बुरशीची करणी. माझी बुरशी तिला खाते, निदान बाटलीत तरी. शेतात खाते का, ते दोन बाजू शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. शेतकी कचेरीनं या प्रयोगाला हा शेवटचा हंगाम दिला आहे.
भिकाजीला सगळं समजावलं. "मंजी येक बाजू मरंल?" मरू शकेल, म्हटलं.

२ डिसेंबर
उगवण चांगली, दोन्हीकडे सारखी. मन आनंदाकडे फार लवकर धावतं, आवरलं.
मळवलीच्या फलाटावर भाज्याचा एकजण बोलता बोलता म्हणाला, बांधापलीकडचा तुकडा भिकाजीचा नव्हेच. धाकट्या भावाचा, तुळशीरामचा. तो रेल्वेच्या गँगमध्ये, जमीन कसतो भि.च. वाटणीपासून दोघांत बोलणं नाही; धान्याचा वाटा भि.ची बायको पोचवते. मी विचारलंच नव्हतं. मातीचा कस पाहिला, ओल पाहिली, मालक कोण हे मात्र नाही.

२३ डिसेंबर
मर आली. दोन्ही बाजूंना. अलीकडचं झाड उपटून मूळ उभं चिरलं. आत तीच काळसर रेघ. बांधावर बसून राहिलो. मग भि.ला विचारलं, खत सांगितलं तसंच पांगवलं ना?
"निम्मं पलीकडं नेलं, सायेब."
का?
"भावाचं मेलं आन माझं तेवढं जगलं, तर लोक काय म्हन्तील? औशद ह्यानं दाबलं. त्याला बी तसंच वाटंल."
मला का नाही सांगितलं?
"तुमी मोजून दिलतं. वर मागायचं कसं?"
मोजून दिलं होतं खरं. एका बाजूपुरतं.
निघताना म्हणाला, तुळशीरामला कळू देऊ नका, माझे उपकार त्याला चालायचे नाहीत, वावर काढून घेईल. बरं म्हणालो.

२४ डिसेंबर
निम्म्या खतात बुरशी कमी पडली? की पुरं असतं तरी हेच झालं असतं? आता कधीच कळणार नाही. सौ.ला सांगितलं. ती मेथी निवडत ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे तुम्हाला एक बाजू मरायला हवी होती."
नाही म्हणणार होतो. पण हवी होतीच.

११ जानेवारी १९३९
निम्म्याहून जास्त गेला. मेलेली झाडं उपटून जाळायला सांगितलं होतं, भि. उपटत होता. शेजारच्या शिवारात मर याहून अधिक आहे असं वाटतं. 'वाटतं' हे अहवालात लिहिता येत नाही.
तुळशीराम रजा घेऊन आलेला. भावाला ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाला, "सायेब, औशद त्याच्याच अंगाला व्हतं ना?"
भि. वाकलेला, तसाच राहिला. मी शब्द दिला होता. पण होय म्हणणं म्हणजे त्या माणसावर खोटा आळ घालणं. सांगून टाकलं, निम्मं तुमच्याकडे आलं.
तुळशीराम वाळल्या झाडांकडे बघत राहिला. "मंग दोघांचं बी गेलं," एवढंच म्हणाला आणि गेला. भि. उपटत होता तो उपटतच राहिला. मी निघालो तेव्हा वर न बघता म्हणाला, "सांगितलंत."

३० जानेवारी
अहवाल धाडला. 'बुरशीचा उपयोग झाला किंवा कसे, हे ठरवता येत नाही. खत दोन्ही बाजूंस विभागले गेले.' कोणी आणि का, ते लिहिलं नाही. विचारलेलं नव्हतं. विचारलं असतं तरी लिहिलं असतं का, कोण जाणे.

१८ फेब्रुवारी
काम बंद करण्याचा हुकूम आला. कामशेतला कचेरीच्या कामानं जाताना मळवलीला गाडी बराच वेळ थांबली. रुळावरच्या टोळीत तुळशीराम होता. खिडकीशी आला. "पुढल्या साली दोघांना पुरंल येवढं आना," म्हणाला. भावाचं नाव घेतलं नाही. वावर काढून घेण्याचंही काही बोलला नाही.
सांगितलं, माझ्याकडे पुढचं साल नाही. शिवाय औषध चालतंच अशी खात्री मला तेव्हा नव्हती, आजही नाही.
पहारीवर हात ठेवून उभा राहिला. "त्यो तुमच्यासाठी शेनाचा ढीग येगळा राखून बसलाय, वयनी सांगत व्हती. त्याला तुमीच सांगा. आमचं बोलनं न्हाई."
उद्या भाज्याला जायचं. ढीग राखू नका म्हणू, की निम्मा बांधापलीकडे टाका म्हणू?