वहीतलं एक वचन

बाबा,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी अजून रोज सकाळी तुमच्या पुस्तकातली प्रार्थना म्हणते. तुमचं म्हणजे महाराजांचं. पण महाराजांना धड सही करता येत नव्हती. मोरिवलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर गुरुवारी ते डोळे मिटून बोलायचे आणि शेजारी मांडी घालून तुम्ही लिहून घ्यायचात, म्हणून मला ते तुमचंच वाटतं. महाराज म्हणजे कारखान्यातला एक फिटर, पाठ दुखावून घरी बसलेला, त्याच्या तोंडून देव बोलतो यावर आपल्यासारख्या कितीतरी घरांनी विश्वास ठेवला. बाहेरचे हसायचे. मला हसता येत नाही. माझा धाकटा भाऊ तापात गेला तेव्हा आई चार महिने बोलली नव्हती. स्टोव्हपाशी नुसती बसून राहायची, भात करपायचा. महाराज आपल्या कात्रपच्या खोलीत आले, खाली फरशीवर बसले आणि ती प्रार्थना त्यांनी तिच्याकडून एकेक ओळ म्हणवून घेतली. तिसऱ्या दिवशी तिनं मला वेणी घालायला हाक मारली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या माणसाला सरळ ढोंगी म्हणून मोकळं होता आलं असतं, तर मी हे पत्र लिहायला बसलेच नसते.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं, तेव्हा वचनांचं पुस्तक छापायचं ठरलं. उल्हासनगरच्या प्रेसचा सिंधी मालक तुमच्यावर भलताच खूश. "साहेब, तुमची कॉपी एकदम क्लीन. आमचा कंपोझिटर बोलतो, ऐसा अक्षर रोज मिलना चाहिए." तुम्ही कानापर्यंत लाल झाला होतात. कौतुक तुम्हाला कधी पचलंच नाही. मग रविवारी दुपारी स्वयंपाकघरात आपण प्रुफं तपासत बसतो. आई नळावर गेलेली. मी चौदा वर्षांची, माझ्या हातात तुमची मूळ वही. मी मोठ्यानं वाचते, विरामचिन्हांसकट, आणि तुम्ही प्रुफावर पेन्सिल फिरवता. तुम्ही शिकवलेल्या त्याच सुरात मी वाचून जाते, "माझ्या सेवकाने हिचा पत्नी म्हणून स्वीकार करावा, स्वल्पविराम, हिच्या आईने आड येऊ नये, स्वल्पविराम, येईल तिचे घर ओसाड होईल, पूर्णविराम." वर नाव होतं. शिरगावच्या ताईचं. एकोणीस वर्षांची होती ती, मला भरतकामाचे टाके शिकवायची.

तुमची पेन्सिल थांबली. प्रुफात ते नव्हतंच. प्रेससाठी स्वच्छ प्रत काढताना तुम्ही ते आधीच गाळलं होतं, फक्त वही माझ्या हातात देताना विसरलात. "हे सोड. पुढचं वाच," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, "पण बाबा, महाराजांचं लग्न झालंय ना?" "पुढचं वाच म्हटलं ना!" माझ्यावर तुम्ही आवाज चढवलात तो तेवढा एकदाच. मी पुढचं वाचलं. तांदळातला खडा काढावा तसं तुम्ही ते काढून टाकलं असणार. देवाचं ते ठेवायचं, माणसाचं ते काढायचं. मला तुमचा हेतू कळतो, आणि त्याचाच जास्त राग येतो. कारण ती आज्ञा तुम्ही पुस्तकातून काढलीत, ताईच्या आयुष्यातून नाही.

दोन वर्षांनी ती सेवेसाठी म्हणून मोरिवलीला राहायला गेली. सहा महिन्यांनी परत आली आणि तिनं घरी सांगून टाकलं, की महाराजांनी मला बायको म्हणून ठेवलं, देवाची आज्ञा आहे म्हणाले. तिच्या आईनं पुस्तक तिच्या पुढ्यात आपटलं. "दाखव. कुठल्या पानावर आहे ते दाखव." मग दोघी आपल्याकडे आल्या. ताई तुमच्या समोर उभी राहून म्हणाली, "काका, तुम्हीच लिहून घेतलंत ना? सांगा ना आईला." तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "पुस्तकात आहे तेवढंच मला माहीत." मी पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होते. सोळा वर्षांची होते, तोंड होतं मला. तिच्या आईनं तिला मामाकडे धाडलं आणि पुन्हा उंबरा चढू दिला नाही. त्यानंतर तुम्ही मोरिवलीला जाणं सोडलंत. प्रार्थना मात्र शेवटपर्यंत सोडली नाहीत.

गेल्या वर्षी ती बदलापूरच्या बाजारात भेटली. चाळिशीही नाही आणि सगळे केस पांढरे. मी धीर करून विचारलं, "अजून प्रार्थना म्हणतेस?" "म्हणते की," ती म्हणाली. "वचनं खोटी नाहीत गं. खोटी मी ठरले." तेव्हा भर बाजारात, भाजीच्या गाडीपाशी, मी तिला सांगितलं की ते वचन मी वाचलं होतं, वहीत तिचं नाव होतं. तिनं माझं मनगट धरलं. किती वेळ सोडलं नाही. "आई अंथरुणावर आहे. मला अजून आत घेत नाही. तू फक्त तिला सांग. लोकांना नको, महाराजांच्या मंडळाला नको. एकदा आईला सांग." मी म्हटलं, "रविवारी येते."

मी गेले नाही. त्या रविवारी नाही, पुढच्या कुठल्याच रविवारी नाही. कात्रपहून शिरगाव ते काय लांब आहे? गेल्या महिन्यात तिची आई गेली. ताई बाहेर अंगणात उभी होती म्हणे, शेवटपर्यंत.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. इतके महिने मी मनाला सांगत आले, की तुमचं नाव खराब होऊ नये म्हणून मी गेले नाही. तसं नाहीये, बाबा. त्या म्हातारीनं मला एकच विचारलं असतं, हे ठाऊक असून तू ती प्रार्थना रोज कशी म्हणतेस? आणि मला ती सोडायची नव्हती.