रिकामा डबा

सोमवार, संध्याकाळ

करोनात गेलेला वास अजून परतलेला नाही. आज पुन्हा दवाखान्यात कपाळाला पट्ट्या लावून मेंदूला मंद वीज दिली. प्रयोगच आहे, खात्री नाही, असं डॉक्टर आधीच म्हणाल्यात.

घरी आले तर ताई आईचा जुना डबा घेऊन बसलेली. "ओळख खिरापत." लहानपणी भोंडला संपला की बंद डब्यातली खिरापत मीच वासावरून ओळखायचे. पेठेतल्या मुली चिडायच्या.

डबा नाकाशी धरला. हिंग? की नुसती आठवण? "वाटली डाळ," म्हटलं.

ताईने झाकण काढलं. डबा रिकामा. "उगाच वास येतो म्हणतेस का, ते बघत होते."

मी तोंड पाडून बसले. ताईने झाकण लावता लावता डबा हुंगला. मग हळूच म्हणाली, "अगं, येतोय हिंगाचा वास. अजून."