स्प्लिटचा दिवा

४ फेब्रुवारी
सेट बसला. निवृत्तीनंतर माणसं खचतात म्हणे. मी उलट जगाशी जोडला जाणार. हॅम रेडिओचं, म्हणजे घरबसल्या बिनतारी बोलण्याचं, लायसन्स फ्रेम करून टेबलावर लावलं. संकल्प: ३१ मार्चपर्यंत शंभर संपर्क. रेडिओ क्लबचं प्रमाणपत्र यंदा माझंच.
जोडणी करायला मागच्या गल्लीतले, क्लबातलेच तारमास्तर आले होते. सेटमध्ये डायल दोन, ए आणि बी. बीवर त्यांनी क्लबची सकाळची फ्रीक्वेन्सी लावून दिली. तिथे रोज सात ते आठ या वेळात म्हातारे जमतात आणि एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. मला परदेश हवा. मी ए डायलवर राहणार.

६ फेब्रुवारी
सगळी बटणं दाबून पाहिली. स्प्लिट नावाचा पिवळा दिवा लागला. देखणा आहे. मास्तर म्हणाले, हा लागला की आपण एवर ऐकतो आणि बीवर बोलतो, बंद करा. मी म्हटलं, एवढं कळतं मला. दिवा चालू ठेवला. जितके दिवे तितकं मशीन निरोगी. शिवाय कोणाच्या सांगण्यावरून बटण दाबायची सवय मी नोकरीतच सोडली.

९ फेब्रुवारी, सकाळी ८.०५
कुठल्याशा बेटावरचा माणूस सापडला. आधी आवाज बदकासारखा. डायल केसभर फिरवली, माणूस झाला. ट्यूनिंग हे बोटांत असावं लागतं, माझ्या बोटांत ते आहे.
त्याला चौदा वेळा हाक मारली. त्याने दुसऱ्याच कोणाला उत्तर दिलं. शिष्ट.
संपर्क: शून्य.

१३ फेब्रुवारी
संपर्क: शून्य. परदेशी लोकांचे कान तयार नाहीत.
एक सुधारणा केली. हॅलो, हॅलो म्हणत बसण्यापेक्षा घरातलं काहीबाही बोलायचं. आवाज मोकळा होतो. आज हिच्या घोरण्यावर दहा मिनिटं बोललो. मग हिच्या माहेरावर. फार बरं वाटलं. ऐकतंय कोण?

१७ फेब्रुवारी
मास्तरांनी हिला एक जुना छोटा रिसीव्हर दिला. तो ओट्यावर असतो. सकाळी क्लबच्या म्हाताऱ्यांचं ऐकते म्हणाली. ऐकू दे. मी हरकत घेतली नाही. या घरात माझ्याइतका मोकळ्या मनाचा दुसरा माणूस नाही.

२० फेब्रुवारी
दुसरा चहा बंद झालाय. विचारलं तर म्हणाली, विसरले. वयाचा परिणाम. हिच्या वयाचा.

२ मार्च
क्लबची मीटिंग. मी आत गेलो आणि सगळे गप्प झाले. दरारा. एक जण म्हणाला, आम्ही रोज सकाळी तुम्हाला ऐकतो. म्हणजे परदेशी निघालेला माझा सिग्नल वाटेत यांनाही मिळतो. पॉवर किती असेल बघा. अध्यक्ष म्हणाले, अहो, ते स्प्लिट बंद करा, आम्ही रोज ओरडून सांगतो. कुठून ओरडतात कोण जाणे. असूया. मॅन्युअल वाचा असंही म्हणाले. मॅन्युअल वाचणं म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवणं.
निघताना दोघांनी विचारलं, वहिनींच्या पोटात दुखायचं थांबलं का? यांना कसं कळलं? मोठ्या माणसाच्या घरातलं सगळ्यांना कळतं.

८ मार्च
ही सांगत होती, पिशवीचं ऑपरेशन ठरलं. २२ तारीख, सकाळी आठ. नवऱ्याची सही हवी आहे म्हणे. मी हेडफोन लावलेला होता, बोट वर करून थांब म्हटलं. ती थांबली. मग मी विसरलो. नंतर लक्षात आलं की २२ला सात वाजता स्पर्धा सुरू होते. एका दिवसात शंभर होतील अशी संधी. म्हटलं, पुढच्या महिन्यात कर की. म्हणाली, डॉक्टर थांबायला नको म्हणतात. डॉक्टर काय, म्हणणारच.

११ मार्च, सकाळी ७.३०
आज या विषयावर माइकवर सविस्तर बोललो. ही दुखण्याचं सोंग करते, लग्नापासूनची खोड आहे, लक्ष वेधून घ्यायचं असतं. पिशवी काय आज आहे, उद्याही असेल. स्पर्धा वर्षातून एकदा.
बोलताना सेटवरची सुईसुद्धा छान हलत होती.

१२ मार्च
हिचा स्वभाव एकाएकी सुधारला. वाद नाही, तक्रार नाही. एवढंच विचारलं, "मी घरात नसले तर कळेल का हो तुम्हाला?"
सांगितलं, चिठ्ठी लिहून सेटजवळ ठेव, म्हणजे नजरेस पडेल.

२१ मार्च, संध्याकाळ
आंघोळ करून बाहेर आलो तर ही फडकं घेऊन सेट पुसत होती. दीड महिन्यात पहिल्यांदा. ओरडलो. ती पुसतच राहिली. हिची बहीण आली होती, तिच्या हातात बॅग. दोघी निघाल्या. दारातून ही काहीतरी म्हणाली. मी अँटेनाची केबल तपासत होतो, बोट वर केलं. या वेळी थांबली नाही.
उद्या शंभर.

२२ मार्च, सकाळी ८.२०
क्रमाने लिहितो.
सात वाजता बसलो. पिवळा दिवा बंद. डायल हललेली, ए आणि बी दोन्ही क्लबवर. पुसताना केलं असणार असं वाटलं. तरी एक हाक मारून पाहिली.
उत्तर आलं. दीड महिन्यात पहिलं. तारमास्तर. वहीत वेळ लिहिली: ७.०२.
मास्तर म्हणाले, "वहिनींचा निरोप आहे. घरात बोललेलं यांना ऐकू जात नाही, म्हणून रेडिओवरून सांगा म्हणाल्या. आठला आत घेणार आहेत. सही बहिणीने केली. नंतर त्या बहिणीकडेच राहतील, तुमच्याकडे येणार नाहीत. दवाखाना चार चौकांवर आहे, निघालात तर पोचाल."
मी विचारलं, माझा सिग्नल कसा येतोय?
मग मास्तर म्हणाले, "स्पष्टता पाचपैकी पाच, जोर नऊपैकी नऊ. पहिल्या दिवसापासून. आम्ही अकरा जण रोज ऐकतोय. वहिनी धरून बारा."
तेव्हा ओट्यावरचा तो रिसीव्हर आठवला आणि माइकवर बोललेलं सगळं आठवलं. पण मी सावरणारा माणूस आहे. ही ऐकत असणार. रिसीव्हर बॅगेत घातला असणारच, इतके दिवस सोडला नाही तर आज कशी सोडेल? दवाखान्यात जाऊन चार लोकांत अडखळत बोलण्यापेक्षा इथून नीट बोलता येईल. माझा सिग्नल तर उत्तम आहे.
बोललो. अगदी मनापासून. सोंग म्हणालो ते चुकलं म्हटलं. माहेराबद्दलचं मागे घेतलं. घोरण्याचंही. लग्नाच्या आदल्या दिवशीची एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत हिला कधी सांगितली नव्हती. मला भीती वाटते असं म्हणालो. असं मी कोणाला म्हणत नाही. एकदा मास्तर हळूच म्हणाले, साडेसात झाले, उठा आता. मी म्हटलं, मध्ये बोलू नका, ती ऐकतेय.
आठ वाजून दहा मिनिटांनी घसा सुकला म्हणून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो.
रिसीव्हर ओट्यावरच होता, स्वच्छ पुसलेला. आतले दोन्ही सेल काढून शेजारी ठेवले होते.