दुसरी वाटी

बाबा, सोमवारी मी प्रयोगशाळेतल्या सरांना सगळं सांगून टाकलं. सांगायच्या आधी नऊ दिवस मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि त्या नऊ दिवसांत मला तुमचीच फार भीती वाटत होती. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली तरी.

आमच्या प्रयोगशाळेत काय चालतं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून आधी तेवढं लिहिते. औषधाच्या कारखान्यात तुम्ही ज्या रिअ‍ॅक्टरवर उभे राहायचात त्यात पॅलेडियम या महागड्या धातूचा उत्प्रेरक असायचा. गाळताना कोरडा पडला तर तो पेट घेतो, म्हणून तुम्ही तो ओला ठेवायचात. घरी आलात की शर्टाला द्रावकांचा गोडसर वास यायचा आणि आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. आता तेच काम साध्या, मुबलक धातूंवर, द्रावकाऐवजी पाण्यात, कमी उष्णतेवर करण्यासाठी जगभर धडपड चालली आहे. दोन रेणू हवे तिथेच जुळावेत, नको ते पदार्थ बनूच नयेत, म्हणजे कारखान्यामागच्या नाल्यात सोडायला काही उरणार नाही. मी लोखंडाचा एक उत्प्रेरक तयार केला होता आणि तो हे सगळं करत होता. दीड वर्ष, प्रत्येक वेळी. सरांनी एका कंपनीला शब्द दिला होता. पुढच्या महिन्यात त्यांच्या मोठ्या भांड्यात तो चालवून बघायचा होता.

फ्लास्कमधलं मिश्रण ढवळायला आम्ही एक छोटी पांढरी चुंबकाची कांडी टाकतो, तिला बीड म्हणतात. पहिला प्रयोग ज्या बीडवर जमला तीच मी पुढे वापरत राहिले. मी, सगळ्या गोष्टी तीनदा तपासणारी, एक बीड शुभ मानून बसले होते! काचेची भांडी धुणारे चाचा ती माझ्यासाठी वेगळ्या डबीत ठेवायचे. एके दिवशी चाचा रजेवर होते, डबी सापडेना, म्हणून मी पाकिटातली नवी बीड घेतली. संध्याकाळपर्यंत फ्लास्कमध्ये काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी बीड मागितली, तर चाचा हसले. "नवी कायकू मॅडम? पुरानी अच्छी चलरी ना, उसकू नजर लगती क्या?" नव्या बीडवर पुन्हा काहीच झालं नाही, तेव्हा मी डबीतली जुनी बीड भिंगाखाली धरली. तिच्या बारीक भेगांत करडी झाक होती. मग मी लोखंड न घालता फक्त ती बीड घालून प्रयोग केला, आणि रेणू जुळले. माझ्या आधी कुणीतरी ती पॅलेडियमच्या कामाला वापरली होती. भेगांत अडकलेलं ते पॅलेडियमच काम करत होतं, दीड वर्ष लोखंड नुसतं बसून होतं. लोखंडाशिवायचा प्रयोग मी सुरुवातीला केला होता, पण नेमका नव्या बीडवर, म्हणून तेव्हा काहीच झालं नव्हतं.

तुम्ही असतात तर पहिल्याच आठवड्यात विचारलं असतंत, याच बीडवर लोखंडाशिवाय करून बघितलंस का? मलकपेठच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही मला मराठी अक्षरं शिकवलीत, तिथेच हेही शिकवलंत. मी दहा वर्षांची होते. समोरच्या आंटी म्हणाल्या होत्या की मिरचीच्या देठानेसुद्धा दही लागतं, आणि मी ते करून बघणार म्हणून नाचत होते. तुम्ही पहिल्या पाळीला निघाला होतात, चपला घालता घालता थांबलात.

"एका वाटीत देठ घाल. दुसरीत काहीच नको."

"दुसरी कशाला? तिच्यात काय होणार आहे?"

"तेच बघायचंय. दुसरी वाटी नसली तर पहिलीला काही अर्थ नाही, बाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं: देठाच्या वाटीत लागलं, दुसरीत दूध तसंच आहे. तुम्ही दोन्ही वाट्यांत बोट बुडवून बघितलंत आणि काही बोलला नाहीत. रविवारी बेगम बाजारातून माझ्यासाठी जाड पुठ्ठ्याची वही आणलीत, प्रत्येक पानावर स्वतः आकडे घातलेत. पान फाडायचं नाही, खोडरबर वापरायचं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. पहिल्या पानावर मी दोन वाट्यांचं लिहिलं. कारखान्यात तुम्ही ते सगळ्यांना सांगितलंत, म्हणे.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाले, "एवढं शोधून काढायला कुणी सांगितलं होतं अम्मा तुला?" ते सगळ्या विद्यार्थिनींना अम्माच म्हणतात, तरी मला वाटलं, रागावले. पण त्यांनी विचारलं, "बीड फेकलीस?" मी म्हटलं, नाही, डबीत आहे. "ठेव. कंपनीला आज मी लिहितो. जिथे जिथे आपण हे सांगितलंय, तिथे तू लिही." ते खिडकीकडे वळले. त्यांना निवृत्त व्हायला आता फार दिवस नाहीत आणि हे काम त्यांना हातात घेऊन जायचं होतं. मी दार लावून घेतलं. चाचांनी चहा आणून ठेवला.

तिसऱ्या दिवशीच सांगता आलं असतं, नवव्या दिवशी का, हे सरांनी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतंत. त्या नऊ दिवसांत मी ती बीड दोनदा कचऱ्याच्या पेटीपर्यंत नेली होती. दुसऱ्यांदा हात आत गेला होता.

आज ती वही काढली आहे. हे पत्र तिच्यातच ठेवणार, दुसरीकडे पाठवायचं तरी कुठे. पहिल्या पानावरच्या ओळीवर मी एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येतंय. बाबा, दुसऱ्या वाटीतही दही लागलं होतं. त्या दोन्ही आपल्या रोजच्या दह्याच्या वाट्या होत्या, मी नुसत्या विसळल्या होत्या. तुम्ही यायच्या आत मी दुसरीतलं दही साखर घालून खाल्लं, ती वाटी घासली आणि तिच्यात ताजं दूध ओतलं. तुम्ही बोट बुडवलंत तेव्हा ते दूध अजून कोमट होतं.