एकशे पंच्याण्णव दिवस

देऊळवाडी, ता. मालवण
चैत्र वद्य पंचमी, शके १९०८
(तुमच्या हिशेबाने २९ एप्रिल १९८६, मंगळवार)

चि. सत्यवानराव यांस,
सासऱ्याचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळी खुशाल. हे पत्र कंपनीच्या मुंबईच्या एजंटाकडे पाठवतो आहे. ते तुम्हाला कुठल्या बंदरात सापडेल ते देव जाणे आणि तुमचा कप्तान जाणे.

आधी घरची बातमी. नीरजाने बालवाडी घेतली आहे. देवळाच्या धर्मशाळेत सतरा पोरे जमतात आणि त्यांचा आवाज आमच्या पडवीपर्यंत येतो. परवा बाजारात तिने बांगडेवालीशी अशी घासाघीस केली की ती बाई शेवटी म्हणाली, "घे गो बाय, फुकट घे, पण थांब आता!" तुमच्या सासूबाईंनी ही गोष्ट वाडीत चार घरी सांगितली. चारही घरी डोळे पुसत सांगितली, हे मात्र तुम्हाला म्हणून लिहितो.

आता तुमच्या पत्रातला प्रश्न. गेल्या सालाचे इन्कम टॅक्सचे रिटर्न तुम्हाला भरावे लागेल का, ते विचारून ठेवा, असे तुम्ही लिहिले होते. सोबत पासपोर्टच्या पानांची झेरॉक्सही पाठवलीत. मी बुधवारी, कुडाळच्या बाजाराच्या दिवशी, लवू सामंताकडे जाऊन आलो. तो माझा जुना विद्यार्थी. गणितात बेताचा होता, आता सगळ्या तालुक्याचे कर तोच बघतो.

पहिल्यांदा मी माझेच विचारून घेतले. माणसाने उगाच अंधारात राहू नये. लवू म्हणाला, "गुरुजी, तुमची पेन्शन वर्साची अठरा हजाराच्या खूप खाली. माड आणि आंब्याची कलमा म्हणजे शेतीचा उत्पन्न, ताचेर टॅक्स नाय. तुमका रिटर्नाची काय एक गरज नाय." छत्तीस वर्षे नोकरी करून सरकारला माझी काहीच गरज नाही हे ऐकून मला थोडे वाईटच वाटले. घरी तुमच्या सासूबाईंना, काशीबाईंना सांगितले तर त्या म्हणाल्या, "बरा झाला. एक कागद कमी हरवतलो."

तुमचे मात्र वेगळे निघाले. परदेशी बोटीवरच्या माणसाचे पहिले बघायचे ते पगार नव्हे, दिवस. एक एप्रिल ते एकतीस मार्च या वर्षात तो आपल्या देशात किती दिवस राहिला? एकशे ब्याऐंशी किंवा जास्त राहिला तर तो इथला रहिवासी, मग तुमच्या बाबतीत कागद भरायला हवेत. कर लागेल की नाही, लागला तर किती, हा पुढचा प्रश्न. एकशे ब्याऐंशीच्या आत राहिला, तर तुमचे इथे दुसरे काही उत्पन्न नाही, तेव्हा विषय संपला. तुमच्या एजंटाने "सहा महिन्यांच्या आत परत निघा" म्हणून बजावले होते ते याचसाठी.

लवूने मोजले. तुम्ही मुंबईत उतरलात २२ मे रोजी आणि विमानात बसलात २ डिसेंबरला. एकशे पंच्याण्णव दिवस.

तो माझ्याकडे बघत राहिला, कारण त्याला ठाऊक होते की आमच्या घरात दिवस कोण मोजतो. म्हणाला, "गुरुजी, अख्खो गाव मुहूर्ताक तुमच्याकडे येता. तुमचो जावय चौदा दिवस चुकलो कसो?"

मी म्हणालो, "वय झाला रे."

ते खोटे होते. सत्यवानराव, तुम्हाला आठवत असेल. दिवाळीच्या आधी कंपनीची तार आली, चार नोव्हेंबरला हजर व्हा म्हणून. तुम्ही पडवीत मला विचारलेत, "तुळशीच्या लग्नापर्यंत रवलंय तर सहा म्हयने भरतत काय?" मी बोटांवर मोजून दाखवले. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भादवो, आश्विन. "पाच झाले. कार्तिक अर्दो. खंय भरतत सहा? तुळशीचा लगीन करून जावा." तुम्ही मान डोलावलीत आणि दुसऱ्या दिवशी मालवणला जाऊन कंपनीला तार केलीत की पुढच्या बोटीवर येतो.

गेल्या साली श्रावण दोन होते. अधिक श्रावण आणि निज श्रावण. चाळीस वर्षे जो माणूस देवळात बसून पंचांग वाचतो तो अधिक महिना विसरेल? ज्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे वाढायचे, तो महिना जावयासमोर मोजताना विसरेल? मी विसरलो नव्हतो. मी तो गिळला.

का गिळला ते लिहायचे म्हणून हे पत्र तीन दिवस अडले आहे. आषाढात नीरजाचे मूल गेले. जन्मले तेव्हाच गेलेले होते. त्यानंतर ती कोणाशी बोलेना. आम्ही दोघे म्हातारे तिच्याभोवती पाय न वाजवता फिरायचो, आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत असावा. तुम्ही तसे केले नाहीत. अधिक महिन्यात बाहेर संततधार आणि तुम्ही तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून फणसाच्या आठळ्या सोलत होतात, रोज, एकही शब्द न विचारता. काशीबाईंनी अनारसे करावेत की नाही असे मला चारदा विचारले. शेवटी केले. तुम्ही ताट तिच्यासमोर ठेवून एकेक खायला लागलात. अठरा खाल्लेत, तेव्हा तिने एक उचलला. बहुधा तुमच्या पोटाच्या काळजीने.

मग चवथीच्या आधी तुम्ही रंगाचा डबा काढलात. बोटीवरची सवय. दिसेल त्याला रंग. खिडक्या झाल्या, फाटक झाले, गोठ्याचा खांब झाला, आणि एके सकाळी तुम्ही तुळशीवृंदावनाला निळा रंग द्यायला सुरुवात केलीत. नीरजा दारात आली. दोन महिन्यांनी तिच्या तोंडून आलेले पहिले वाक्य मी माजघरातून ऐकले: "तुळशीक निळो रंग कोण लावता? ता काय जहाज आसा?"

काशीबाई तिथेच चुलीपाशी बसून रडल्या. मी पंचांग उघडले आणि काहीही न वाचता मिटले.

पण ती तार आली त्या संध्याकाळी नीरजाने पुन्हा न जेवता ताट सरकवले. मी बाप आहे. मला तुमची नोकरी दिसली नाही, नियम दिसला नाही, ते सरकवलेले ताट दिसले. तुम्ही माझ्या शब्दावर विसंबून विचारलेत आणि मी तुम्हाला फसवले. त्यामुळे तुमच्यामागे ही सरकारी कटकट लागली. क्षमा मागतो. जावयाची क्षमा मागायची रीत आमच्यात नाही, तरी मागतो.

एवढेच लिहून पत्र बंद करणार होतो. पण लवूकडे आणखी एक गोष्ट घडली.

दिवस मोजायला सोपे जावे म्हणून मी नीरजाच्या खोलीतले गेल्या सालचे भिंतीवरचे कॅलेंडर बरोबर नेले होते. नव्याच्या मागे त्याच खिळ्याला लटकत होते. मी कॅलेंडर कधी बघत नाही, मला पंचांग पुरते. लवूने पाने उलटली आणि थांबला. प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीने बारीक आकडा. २४ मेच्या चौकोनात ३. ३१ ऑगस्टला १०२. तार आली त्या दिवशी १५२. अक्षर तुमचे. १९ नोव्हेंबरला १८२, त्याभोवती गोल. आणि गोलानंतरही आकडे थांबले नव्हते. १८३, १८४, असे तुम्ही घर सोडलेत त्या दिवसापर्यंत.

म्हणजे मी बोटे मोजत होतो तेव्हा तुमच्या खिशात बरोबर हिशेब होता. बोटीवर घड्याळाच्या काट्यावर पहारा देणाऱ्या माणसाला मी महिने शिकवत होतो! तुम्हाला राहायचेच होते. मी नाही म्हणालो असतो तरी तुम्ही राहिला असतात. मला विचारलेत ते बहुधा मी हो म्हणावे म्हणूनच, आणि माझे खोटे ऐकून निमूट मान डोलावलीत. आजपर्यंत त्याबद्दल एक चकार शब्द काढला नाहीत. मी लवूच्या दुकानात चष्मा पुसत बसलो. त्याने चहा मागवला, तो मी पिऊ शकलो नाही.

लवू मनाने वाईट नाही. त्याने माझा चेहरा बघून मार्ग काढून दिला. झेरॉक्समधला जातानाचा शिक्का पुसट आला आहे. म्हणाला, "गुरुजी, ह्यो दोन डिसेंबर आसा म्हणान कोण सांगतलो? बारा नोव्हेंबर धरूया. एकशे पंच्याहत्तर दिवस. रिटर्न भरूचीच गरज नाय."

काम किती सोपे होते बघा. तुमचा त्रास वाचला असता आणि माझी चूकही बुजली असती. मी म्हणालो, "नाय रे लवू. ते वीस दिवस कोणी तरी माझ्या नीरजाक दिल्ले आसत. ते मी खोडूचंय नाय."

म्हणून फॉर्म सोबत आहे. तुम्हाला रिटर्न भरावे लागेल, जूनअखेरच्या आत. लवूने बाकी सगळे लिहिले आहे, सही करायच्या जागी फुल्या आहेत. कर आलाच तर निम्मा मी देणार. तुम्ही नको म्हणाल, पण लिहून ठेवतो. फॉर्मला जोडलेल्या निवेदनात एक ओळ आहे, देशात राहिलेले एकूण दिवस. ती मी कोरी ठेवायला सांगितली. तिथे तुमच्या हाताने एकशे पंच्याण्णव लिहा. एकही कमी करू नका. आमच्या घरावर तुम्ही जे उपकार केलेत त्याचा दुसरा कुठलाही कागद होणार नाही. हा एक होतो आहे, तर तो पुरा होऊ द्या.

नीरजाला मी यातले काही सांगितलेले नाही. ती तिचे पत्र वेगळे घालते आहे आणि मला वाचू देत नाही, यावरून ती बरी आहे हे ओळखा.

तुम्हाला फसवता न आलेला,
तुमचा सासरा
जयराम